पपईतली मादी

मंगळवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून ठेवते.

कपाशी परवडेना म्हणून यंदा पपई. फुलं आली की नर ओळखून कापायचे. शाळेतून थेट वावरात गेले, तर हे विळा घेऊन तेच करत होते. सासूबाई बांधावरून सांगत होत्या, "नर चार पुरे. बाकीचे काप, नराले फळ लागत नाही."

मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, "दोन पोरी झाल्या तुले. उद्या अकोल्याले चाल. एक डॉक्टर गुपचूप पाहून सांगते. पोरगी असन तं पाडून मोकळी हो."

दरवर्षी मी फळ्यावर काढते: आईकडून एक्सच येतो, बापाकडून एक्स नाहीतर वाय. मुलगा की मुलगी, ते बापाकडून ठरतं. यांनाही माहीत आहे, बारावी सायन्स झालेत.

"सांगा न तुमच्या आईले, हे कोणाकडून ठरते ते!"

यांनी मान खाली घालून विळा चालवला. झाड आडवं झालं, खोडाशी बारकं फळ.

"अरे, मादी कापली ना बावा!" सासूबाई धावल्या. झाड उचलून किती हळहळल्या!

त्या झाडासाठी.

उद्या मी अकोल्याला जाणार नाही.