पठारावरच्या गोड्या निलगिरीचा रस

२ डिसेंबर

आयडा मावशीनं आज फर्मान काढलं — मरायच्या आधी एकदा आपल्या झाडाचा रस प्यायचाय! नव्वदी उलटली, दात एकही नाही, हट्ट मात्र शाबूत. पठारावरच्या गोड्या निलगिरीला उन्हाळ्यात, म्हणजे इकडे डिसेंबरातच, भोक पाडायचं, बुंध्याशी खळगा करायचा. रस साचतो, आपसूक आंबतो. आपल्या लोकांचं, या बेटावरच्या मूळ रहिवाशांचं, हे जुनं पेय. मावशीच्या आजीनंतर घरात कुणी काढलेलाच नाही, मावशीनंही नुसतं ऐकलेलं.

काम सांगितलं माझ्या धाकट्या भावाला, मर्व्हला. मी शेजारीच बसले होते — मला नाही!

७ डिसेंबर

मर्व्ह वर जाऊन आला. तळ्याकाठची झाडं दुष्काळानं वाळून पांढरी पडलीत म्हणे. मोठं, हिरवं असं एकच उरलंय. भोक पाडलंस का? तर नाही. बघून आला. नुसतं बघायला साहेबांनी होबार्टपासून गाडी हाकली.

१५ डिसेंबर

पुन्हा गेला. पोसम, ते मांजराएवढे रानटी प्राणी, चढून पालवी खातात म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळून आला. मी विचारलं, "अरे, रस काढायला जातोस की मुलगी बघायला?" म्हणे, रात्री दहिवर पडतंय, रस सुटणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं!

२० डिसेंबर

आज गिरमिट त्याच्या हातात दिलं. तसंच कोरं परत आणलं.

२४ डिसेंबर

मावशीचा खोकला वाढलाय. जेवण तुटलंय. नाताळचा केकही नको म्हणाली. मला भीती वाटते. मर्व्हला सांगून टाकलं — तुला जमत नसेल तर मी जाते.

२७ डिसेंबर

आणला! बाटलीभर. मावशीनं घोट घेतला, डोळे मिटले. "आजी सांगायची तस्साच," म्हणाली. मर्व्ह रडला, मीही रडले.

मग बाटली विसळायला घेतली आणि वास आला. सफरचंदाची दारू, दुकानातली! मर्व्हला परसात गाठलं. मान खाली घालून म्हणाला, "एकच उरलंय गं. हात धजावला नाही." नको नको ते बोलले त्याला. चार दिवसांची सोबतीण ती, आणि तिला फसवायचं?

२८ डिसेंबर

बोलत नाही त्याच्याशी.

३० डिसेंबर

मावशीचे केस विंचरताना राहवेना, सांगूनच टाकलं. ती खोकला लागेपर्यंत हसली. "अगं, खरा रस लहानपणी आजीच्या मांडीवर बसून प्यायलेय मी. सफरचंद कळणार नाही मला?"

मग मागितलास कशाला?

"माझ्यामागं त्या झाडाकडे कुणी बघायचं ते ठरवत होते. तू कामाची पोर आहेस गं. पण तू भोक पाडून आली असतीस."

पाडलंच असतं मी.