सीट पाहून घेतलेली गाडी

२४ ऑगस्ट, रविवार
हुणसूरहून परत आलो. सरकारी बसने. शी! शेजारचा माणूस तंबाखूच्या गाठोड्यावर बसून माझ्या खांद्यावर झोपला. कोटाला त्याच्या डोक्याचं तेल लागलं.

सासूबाईंना, म्हणजे तुंगाबाईंना, आता बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. दसऱ्याला एकदा म्हैसूरला यायचं, आपल्या विठोबासमोर उभं राहायचं, राजवाड्याचे दिवे बघायचे, एवढंच म्हणतात. लक्ष्मीदेवी आईचा हात धरून बसली होती. मी तिथल्या तिथे शब्द दिला: आयुधपूजेला माझ्या स्वतःच्या गाडीतून आणीन. लक्ष्मीदेवी म्हणाली, अहो, टॅक्सी करू की, सुम्ने, उगाच, गाडी कशाला. टॅक्सी! जिथे सगळ्या गावाने बूड टेकलंय तिथे माझ्या सासूने बसायचं?

संकल्प: जुनी पण उत्तम गाडी. सौदा मीच करणार. आयुष्यभर कापड पारखतोय, पत्रा काय वेगळा असतो?

२९ ऑगस्ट, शुक्रवार
लक्ष्मीदेवीने दुकानाच्या मागच्या खोलीत गाडीच्या सीट कव्हरची ऑर्डर घेतलीय. आमचं दुकान सुटांचं. वडिलांच्या हातचे कोट घालून लोक दरबारात गेले. आणि आता रेक्झिन! काय तो वास! मी त्या खोलीत पाय ठेवत नाही.

नवं काम सुरू करताना पहिला टाका हळदीत बुडवलेल्या दोऱ्याने घालायचा, ही आमच्या शिंपी समाजाची जुनी रीत. तिला ताकीद दिली, सीट कव्हरला तो टाका घालायचा नाही. विठोबाचा मान आहे तो, लोकांच्या बुडाखाली जायचा नाही. सरी, बरं, म्हणाली.

जेवताना सांगायला लागली की गिऱ्हाईकाने कव्हरला आतून प्लास्टिक लावायला सांगितलंय, असं कुणी करतं काय, मला हे बरं वाटेना, म्हणाली. म्हटलं, सांबार आणि रेक्झिन एकत्र नको. तिने सांबार वाढलं. जेवण छान झालं.

६ सप्टेंबर, शनिवार
रिंग रोडवरचं एक शोरूम पाहिलं. किळसवाणं. शर्टाची कॉलर उलटी शिवलेला पोरगा मला गाडीचा रिपोर्ट दाखवतो! कागदी कपातली कॉफी तर कुत्र्याने प्यायली नसती. उठून आलो.

मेघाश्रीचा बेंगळुरूहून फोन. पप्पा, जाताना एक मेकॅनिक घेऊन जा, अष्टे, एवढंच. मुलीला मराठी धड येत नाही आणि बापाला सल्ला. मेकॅनिकचे हात बघितलेत का कुणी? ज्या गोष्टीला हात लावील ती काळी करील.

१० सप्टेंबर, बुधवार
झकास कल्पना सुचली! सध्या पितृपक्ष. शुभ नाही म्हणून कुणी गाडी घेत नाही, म्हणजे विकणारे हवालदिल. आत्ता पाडून भाव ठरवायचा आणि गाडी घटस्थापनेला ताब्यात घ्यायची. पितरही खूश, मीही खूश. हे कुठल्या ॲपला सुचेल?

१३ सप्टेंबर, शनिवार
मिळाली!

मेटगळ्ळीला सयाजीरावांचं यार्ड. आपलीच मंडळी, मराठी बोलणारी. धार्मिक माणूस. प्रत्येक गाडीत मूठभर अगरबत्त्या पेटवून ठेवतो. रुपेरी गाडी. इंजिन बिंजिन सगळ्यांचं सारखंच असतं. मी थेट सीट पाहिली.

काय शिलाई! मरून रेक्झिन, क्रीम पायपिंग, कुठे सुरकुती नाही. असा हात आता म्हैसुरात राहिला नाही. मागच्या सीटच्या कोपऱ्याखाली बोट घातलं आणि अंगावर काटा आला. हळदीचा टाका! समाजातल्या कुणा जुन्या कारागिराचं काम असणार. आणि ज्याने सीटला एवढं जपलं तो इंजिनाला जपणार नाही? विठोबानेच खूण ठेवली. माझे डोळे भरून आले. लक्ष्मीदेवीला असं काम शिकवायला हवं.

कुणी शिवलं विचारलं, तर सयाजीराव म्हणाले, गोत्तिल्ला सार, माहीत नाही, गाडीबरोबरच आलंय. मग माझं दुकान कुठलं विचारलं. सांगितलं. सयाजीरावांनी घाईघाईने चहा मागवला. नावाचा दबदबा अजून आहे.

पुढच्या दिव्याच्या काचेत आतून थेंब होते. सयाजीराव म्हणाले, एसी फार जोरदार आहे सार. मी मागितला त्यापेक्षाही भाव कमी केला. बिचाऱ्याला व्यवहार कळत नाही.

घरी कुणाला सांगायचं नाही. आयुधपूजेच्या दिवशीच दुकानासमोर उभी करायची.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. गाडी घेतली. नजरबादला ओळखीच्या गुंडाचारींच्या घरासमोर लपवून ठेवली. येताना काचांवर आतून धुकं. डावीकडे वळलो की हॉर्न आपोआप वाजतो. उपयोगी सोय आहे, मुद्दाम दाबावा लागत नाही. एक म्हातारा नको ते बोलला. म्हैसूरची माणसंही आता बिघडत चालली.

लक्ष्मीदेवीने विचारलं, आईला आणायला टॅक्सी सांगायची काय? मी नुसता हसलो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
दोन दिवस पाऊस. अगरबत्तीचा वास गेला आणि खालून दुसराच वास वर आला. चिखल, शेवाळ, कुजका पाला. नाकाला रुमाल लावला. नजरबादच्या गटारांचा असणार. पालिका झोपलीय. तक्रार करणार.

मॅट उचलली तर खाली एक शिंपला निघाला. आधीचा मालक समुद्रावर हिंडणारा, हौशी माणूस दिसतो.

२९ सप्टेंबर, सोमवार
गाडी सुरू होत नाही. बॅटरी बदलली. सुरू होत नाही. वायपर मात्र न सांगता फिरतात. बसून उठलो तर पँट मागून ओली. इतकी घट्ट शिलाई आणि ओल येते कुठून? हवेत दमटपणा फार. या शहराचा वीट आला.

सयाजीराव फोन उचलत नाहीत. सणाची धावपळ असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा
सकाळी दुकानातल्या मशीनना हळदकुंकू झालं. मग गाडी आणली. म्हणजे गल्लीतल्या चौघांनी ढकलत आणली. झेंडूचा हार घातला, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडायची तर गाडी पुढे जायला हवी. मी किल्ली फिरवली. हॉर्न वाजला. लोक हसले. पुन्हा ढकलून लिंबं चिरडली.

लक्ष्मीदेवी हळदीची ताटली घेऊन आली. तोंडावर आनंद मावत नव्हता, खोटं कशाला लिहू. अहो, आईसाठी काय, म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली. सीटवरून हात फिरवला. हात कोपऱ्याखाली गेला. आणि तिचं तोंड उतरलं.

हळूच विचारलं, मेटगळ्ळीच्या सयाजीरावांची काय ही?

म्हणाली, ही कव्हरं मी शिवली. पाण्यात बुडलेली गाडी अहो, फोम निघून येत होता हातात. ओल वर येऊ नये म्हणून तर प्लास्टिक. सांगत होते की तुम्हाला.

गल्ली बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, हळदीचा टाका घालू नकोस म्हणून बजावलं होतं, का घातलास? त्यामुळे फसलो मी.

ती म्हणाली, का, माझं काम हे काम नाही काय? अष्टे. ताटली माझ्या हातात दिली, घरात जाऊन पिशवी घेतली आणि बसस्टँडकडे चालायला लागली. टॅक्सी सांगतो म्हटलं. बेडा, नको, म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही.

जेवलो नाही. स्वतःच्या तोंडाचीसुद्धा चव नकोशी झालीय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी
सासूबाई काल रात्रीच आल्या. बसने. हुणसूरच्या स्टँडवर कंडक्टर आणि दोन बायकांनी उचलून चढवलं म्हणे, आणि पुढच्या खिडकीशी बसवलं. राजवाड्याचे दिवे काल खिडकीतूनच दिसले. उंचावरून फार छान दिसतात, म्हणाल्या. विठोबाचं दर्शनही सकाळीच झालं, रिक्षाने. माझ्यासाठी काही शिल्लक नाही.

पण दुकानासमोर हार घातलेली गाडी दिसली आणि जावयाच्या गाडीत एकदा बसायचंच म्हणून हट्ट धरला. बसवलं. मीही पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. गाडी जागची हलत नव्हती, पण त्या खुशीत बाहेर बघत होत्या. सीट चाचपून म्हणाल्या, गुंडुराव, काय शिवलंय हो, कुणी शिवलं?

मी शिवलं, असं ओठांवर आलं होतं. आरशात लक्ष्मीदेवी दिसली, दारात उभी. म्हटलं, तुमच्या लेकीने.

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नाही.

लक्ष्मीदेवी म्हणाली, आई, आता ऊठ. लुगडं ओलं होईल.

झालंच होतं.