तारेपलीकडची खुर्ची

प्रिय दादा,

काल सरहद्दीवरच्या साहेबांनी गावाला विचारलं, "दोन्हीकडं लसी टोचून झाल्या. आता फाटक उघडू या ना?" भराभर हात वर गेले. माझा काही केल्या उठेना. शेजारीण म्हणाली, "अगं, पलीकडं सख्खा भाऊ ना तुझा?"

काय सांगू तिला? फाटक उघडं होतं तेव्हा तू म्हणायचास, "येईन की, फाटक काय पळून चाललंय?" आणि कधी फिरकला नाहीस. साथीत ते बंद झालं आणि दर रविवारी तारेपलीकडं तुझी खुर्ची दिसायला लागली. आपण इतकं ओरडून बोलतो की पहारेकरीसुद्धा माझ्या गुडघ्याची चौकशी करतो!

परवा पहाटे स्वप्न पडलं. धुक्यात तार विरघळत होती, माणसं पाण्यासारखी इकडून तिकडं वाहत होती, आणि तुझी खुर्ची रिकामी होती.

तरी शेवटी हात वर केला मी. शेजारणीची लेक तिकडंच बाळंत झाली. तिनं अजून नातू मांडीवर घेतलेला नाही.

रविवारी मी नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसेन. हे पत्र मात्र धाडणार नाही. बोलावून आलेला भाऊ नकोय मला.

तारेअलीकडची तुझी,
छकुली