फोटोच्या पोटातली शेळी

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्याचं डोकं.

पत्रास कारण घडलं आहे, पण ते पहिल्याच ओळीत सांगायची छाती नाही, तेव्हा आधी तुझी प्रकृती विचारतो. गुडघे काय म्हणतात? डोळ्यांतले थेंब चालू आहेत ना? डॉक्टर आता उपयोग नाही म्हणाले तरी घालत राहा. थेंब घालताना माणूस मान वर करतो, तेवढंच आभाळाकडे तोंड होतं. परवा फोनवर तुझ्या कमरेच्या जुडग्याचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं. दिसेनासं झाल्यापासून तू प्रत्येक किल्ली बोटांनी ओळखतेस, कपाटाची, कोठीची, ट्रंकेची, हे मी इथे सगळ्यांना कौतुकाने सांगतो. फक्त ते लाल, चपटं, कुठल्याच कुलपाला न लागणारं काहीतरी त्यात लटकवलं आहेस, ते काढून टाक असं मागे म्हटलं होतं, आजही म्हणतो. उगाच ओझं. (सूनबाई, हे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवत असणार, म्हणून हात जोडून सांगतो: कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी. आक्काला तो ऐकवू नका. आणि तुम्ही मध्येच गप्प झालात तर ती 'काय गाळलंस गं?' म्हणून विचारेल, तेव्हा खोकून घ्या.)

तर, आपले फोटो. ट्रंकेतले सगळे फोटो चिरंजीवांनी यंत्राखाली घालून कॉम्प्युटरवर घेतले, त्या उन्हाळ्यात तू आमच्याकडे राहायला होतीस. दुपारी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड पुसून आमची ही कॉम्प्युटर उघडायची, तू हातात भिंग घेऊन पडद्याला नाक लावायचीस, आणि कुठल्या फोटोत कोण कोण ते तू सांगायचं, हिने टाईप करायचं, असा तुमचा कारखाना चालायचा. 'ही मामी नव्हे गं, मामीची बहीण. मामीचा कान असा नव्हता.' 'वन्सं, कान पदराखाली आहे.' 'म्हणूनच म्हणते! मामी कान झाकेल? नवे डूल कुणाला दाखवायचे मग?' मी पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत पडून हे ऐकायचो, म्हणजे शब्द नव्हे, नुसता सूर. दुपारी दोन बायका हलक्या आवाजात भांडत असल्या की झोप फार छान लागते. मधूनच हिची हाक यायची, 'अहो, हा छत्रीवाला कोण ते सांगा की!' आणि मी डोळे न उघडता म्हणायचो, 'पथिक कुणी एक, विसाव्यास थांबलेला.' 'बघितलंत ना वन्सं,' ही म्हणायची, 'नाव विचारलं की पथिक! आमच्या लग्नाच्या फोटोत मला ओळखतात, हेच उपकार.' आणि तुम्ही दोघी हसायचात. त्या पथिकाचं नाव तुम्ही नंतर शोधून लिहिलंत. मी ते कधी वाचलं नाही.

ही गेल्यावर घर फार मोठं झालं. (सूनबाई, हे वाक्य पटकन वाचून पुढे जा.) चिरंजीव म्हणाले, 'बाबा, नुसते बसू नका, फोटो बघत जा,' आणि त्यांनी मला त्यातली मेख समजावून सांगितली: फोटोखाली लिहिलेला मजकूर बाहेर चिकटवलेला नसतो, तो फोटोच्या पोटात बसतो, फोटो परगावी गेला, दुसऱ्याच्या यंत्रावर गेला, तरी मजकूर बरोबर जातो. आक्का, मला एकदम आपले पद्याचे मास्तर आठवले. टेबलावर पट्टी आपटत मात्रा मोजायचे आणि सांगायचे, 'पाठ केलेली कविता पोटात राहते, पोरांनो, ती कुणी काढून घेऊ शकत नाही.' मला वाटलं, ज्या फोटोच्या पोटात कविता घालता येते, त्याच्या पोटात आपण काय घातलं आहे बघू. आणि बघितलं. एका फोटोत हिने लिहिलेलं, 'डावीकडून दुसरी मी. डोळे मिटलेत. फोटोवाल्याने सांगायच्या आत दाबलं.' दुसऱ्यात, 'उभे ते तात्या. खुर्ची शेजाऱ्यांची, परत केली.' मला ते फार रुक्ष वाटलं. पुढच्या पिढ्यांनी काय वाचावं? शेजाऱ्यांची खुर्ची परत केली म्हणून? मी ठरवलं, प्रत्येक फोटोला चार चरण द्यायचे, वृत्तात बसवून. हिची नावं खाली तशीच ठेवायची, वर आपल्या ओळी. पुस्तकात नाही का, कविता वर आणि शब्दार्थ खाली असतात, तसं. हेतू एवढाच होता. तो वाईट नव्हता, हे तरी मान्य कर.

सुरुवात शेळीपासून केली. कुंपणाला बांधलेली आपली पांढरी शेळी, जिने माझं पद्याचं पुस्तक पुठ्ठ्यासकट खाल्लं होतं; तू तेव्हा म्हणाली होतीस की आता तिची परीक्षा घ्या. माणसांवर हात टाकण्याआधी जनावरावर सराव करावा, म्हणून तिच्यावर लिहिलं:

दाढी शुभ्र, चाल संथ, दृष्टी सदा विरक्त;
पाला दिसता मात्र होई तत्क्षणी आसक्त.

दोन चरण झाले आणि स्वतःवरच खूश होऊन मी ते कायमचं करायला गेलो. कुठलं बटण दाबलं ते आता शपथेवर सांगता येणार नाही, पण पडद्यावरचे सगळेच फोटो एकदम निळे झाले. निळा रंग मला शुभ वाटला. यंत्राने एक चौकट पुढे केली. त्यात पहिलं वाक्य लांबलचक होतं, ते मी वाचलं नाही, गद्य होतं. दुसरं छोटं होतं: 'खात्री आहे?' आक्का, आयुष्यभर मला हा प्रश्न विचारणारं माणूस घरात होतं. गॅस बंद केलात, खात्री आहे? कुलूप लावलंत, खात्री आहे? आणि दर वेळी मी जिन्यातून परत वर जायचो. आता विचारणारं कुणी नाही, तेव्हा निदान एकदा तरी ठामपणे उत्तर द्यावं म्हणून मी 'होय' दाबलं.

पुढचं तुझ्या कानावर आलंच असेल, पण प्राचार्यांच्या बाजूने आलं असेल. आपल्या या चुलतभावाचा त्यांच्या जुन्या कॉलेजात सत्कार होता आणि आयोजकांनी माझ्याकडे त्यांचा एक चांगला फोटो मागितला. मी चांगला निवडून पाठवला: खादीचा सदरा, छातीपर्यंत दाढी, नजर दूर. सभागृह भरलेलं. मी दुसऱ्या रांगेत. दिवे मंद झाले, पडद्यावर प्राचार्य आले, आणि त्यांच्या पायाशी, यंत्राने स्वतःहून पोटातून काढलेल्या, सगळ्यांना दिसतील एवढ्या अक्षरांत माझ्या ओळी. दाढी शुभ्र, चाल संथ. पहिल्यांदा लोकांना ते गौरवाचं वाटलं, काहींनी माना डोलावल्या. 'पाला' येईपर्यंत. तरीही निभावलं असतं, पण नेमका त्याच वेळी शाल-श्रीफळाचा तबकवाला बाजूला झाला आणि एका बाईंनी हिरवागार पुष्पगुच्छ पुढे केला, आणि प्राचार्य, ज्यांना पाठीमागचा पडदा दिसत नव्हता, ते लगबगीने त्याच्याकडे गेले. आक्का, सभागृह पडायचं राहिलं. (सूनबाई, मीही हसलो. शालीत तोंड घालून हसलो. हे मात्र कुणालाही सांगू नका.) घरी पोचायच्या आत फोन. 'लहानपणापासून तू माझ्या दाढीवर टपलेला आहेस!' मी म्हटलं, लहानपणी तुला दाढी नव्हती. 'मनातून टपलेला होतास!' म्हणाले आणि ठेवला. मी ती शेळी होती असं सांगायला पुन्हा फोन केला, त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

(इथपर्यंत हसून झालं असेल तर, सूनबाई, आता जरा पाणी प्या. मूळ गोष्ट अशी की) नको. कंस राहू दे. आक्का, तू ऐक.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी एकेक फोटो उघडला. सगळ्यांत शेळी. तात्यांच्या पोटात शेळी, मामीच्या बहिणीच्या पोटात शेळी, आपल्या आईच्या पोटात शेळी. तू सांगितलेली, हिने टाईप केलेली नावं, सगळी गेली. मी विचारलं, दुसरी प्रत असेल ना? चिरंजीव म्हणाले, होती, पण ती आपोआप मूळ प्रतीसारखी होत राहते. इतकी आज्ञाधारक प्रत, की तिनेही रातोरात शेळी बांधून घेतली. चिरंजीवांनी कॉम्प्युटर बंद करून मला जेवायला उठवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी म्हटलं, आपण पुन्हा लिहू, आपलीच माणसं आहेत. तेव्हापासून रोज त्या मेणकापडावर कोपर टेकून बसतो. एका फोटोत चौकड्यांच्या लुगड्यातली बाई आहे, कडेवर मूल, मूल रडतंय. मी तिला ओळखतो; तिचा आवाज ओळखतो, ती दारातून आत येताना आधी चपला उलट्या ठेवायची तेही मला माहीत आहे. नाव येत नाही. आणि तो छत्रीवाला. त्याच्याखाली मी काय लिहू, पथिक? तुझी नजर जाणार हे तुला तेव्हाच कळलं होतं, आणि उरलेली सगळी तू त्या टेबलावर वापरलीस. मी पलीकडच्या खोलीत यमक जुळवत होतो. आता मी तुला फोनवर एकेक चेहरा वर्णन करून विचारावं म्हटलं, तर त्याचीही रंगीत तालीम करून बघितली: माझ्या वर्णनात सगळ्या बायकांचे चेहरे चंद्रासारखे येतात आणि सगळे पुरुष धीरगंभीर. त्यावरून तू कुणाला ओळखणार?

असो. तुझ्याकडे मागणं काहीच नाही. कळावं म्हणून लिहिलं, आणि तुझे ते दिवस मी पुसले म्हणून दोन शब्द बोलशील तर ऐकून घेईन. प्रकृतीला जप. घरात सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे.

तुझाच,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तोच दूर राहणाऱ्या आमच्या लेकीचा ईमेल आला. आईने पूर्वी पाठवलेला एक फोटो तिच्याकडे तसाच होता, मजकुरासकट. तिथे माझी शेळी पोचली नव्हती. तू आमच्या दारात, हातात पिशवी, निघालेली. खाली हिचे शब्द: 'वन्सं निघाल्या. सगळे फोटो नावांसकट एका लाल पेनड्राइव्हमध्ये घालून त्यांच्या किल्ल्यांत अडकवून दिलेत. काय आहे विचारू नका, जपा, एवढंच सांगितलं. ह्यांना सांगितलेलं नाही. हे त्यात कविता घालतील.'

आक्का, वर मी ते लाल ओझं काढून टाक असं लिहिलं आहे. टाकू नकोस. मी लगेच फोन केला होता. तू झोपली होतीस आणि सूनबाईंना मी फक्त 'किल्ल्यांना कुणाला हात लावू देऊ नका' एवढंच ओरडून सांगू शकलो, त्यामुळे आज तुमच्या घरी चोरांच्या भीतीने दारं लावून घेतली असतील, त्याबद्दल क्षमा. बाकीचं फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं. ते अजून जुडग्यात आहे का? की मागच्या वेळी माझं ऐकलंस?

ता. क. २. असेल तर मला पाठवू नका. चिरंजीव येऊन प्रत काढून नेतील, मूळ तुझ्याच कमरेला राहू दे. माझ्या हाती नको, हे ती बरोबर ओळखून होती. फक्त सूनबाईंनी एखाद्या दुपारी फोन लावून हिने लिहिलेलं आपल्या दोघांना एकेक करून वाचून दाखवावं. मी मध्ये बोलणार नाही. आणि सूनबाई, हे मुद्दाम कंसाबाहेर लिहितो: माझ्या फोटोंखाली तिने जे काही लिहिलं असेल, ते वाचताना खोकू नका.