ट्रक बंद पडायचा तेव्हा

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि परवा आपल्यासारखाच एक जुना पेट्रोलचा ट्रक आमच्या श्रीरामपूरच्या गॅरेजात आला. रेस सोडली की थरथरायचा, दोन आचके द्यायचा आणि बंद पडायचा. मागे स्वयंपाकघरात आई भाजी परतत होती. मी आत गेले तर गॅस बंद केलेला आणि ती भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी. सत्तरी ओलांडलेली बाई, अण्णा. हा आपला ट्रक नाही, असं तिला सांगावं लागलं.

आपला तुम्ही मिलिटरीच्या लिलावातून आणला, मागे टाकी बसवली आणि कर्जतकडच्या वस्त्यांना पाणी पोचवायला लागलात. थंड असताना बरा चालायचा, तापला की स्लोवर, म्हणजे रेस सोडल्यावर, टिकत नसे. तुम्ही कार्बोरेटरचे जेट फुंकायचात, प्लग बदलायचात, स्लोचा स्क्रू पिळायचात, आणि एवढं करूनही बंद पडला की पाना हातात तसाच धरून घरात यायचात. मग भाकरी जाड झाली, पाणी गार आहे, कुठलंही कारण पुरायचं. इंजिनाच्या आवाजावरून मला कळायचं, आज आईचं काय होणार. जेवताना मी तुमच्या मानेकडे बघत बसायचे, इतका मला तुमचा राग होता.

वीस वर्षांची होते. तुम्ही बाजाराला गेलात तेव्हा मी ट्रक चालू केला आणि तेलाच्या डबीनं एकेका जोडावर थेंब सोडत गेले. कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब पडला आणि इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं. तिथूनच हवा घेत होतं, जोडामधलं पॅकिंग फाटलेलं. वहीचा पुठ्ठा कापून मी नवं बसवलं आणि स्लो उतरवला. आईला म्हटलं, सुटलीस.

तुम्ही आलात, ट्रक चालू केलात, आणि तो बंदच पडेना. मला वाटलं, खूश व्हाल. तुम्ही बॉनेट उघडून पुसलेले नट पाहिलेत आणि घरात येऊन विचारलंत, "माझ्या गाडीला कुनी हात लावला?"

पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेही जिला ठाऊक नव्हतं, ती आई म्हणाली, "मी लावला."

तुम्ही पान्यानंच मारलंत. तिचे पुढचे दात चुलीपाशी पडले. मी दारात उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझं पॅकिंग उपटून फेकलंत, जुनं फाटकंच परत बसवायला घेतलंत आणि मला पाने द्यायला शेजारी उभं केलंत. तेव्हा कळलं, ट्रक नीट करून काही होणार नव्हतं.

तेवढ्यात टेकूच्या दांडीवरचं बॉनेट पडलं, तुमचं उजवं मनगट चिरडलं. वाऱ्यानं दांडी निसटली, असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. ती मूठ पुन्हा वळली नाही. आईनं शेवटपर्यंत तुम्हाला भरवलं, आणि ती अजून त्या वाऱ्याला दोष देते.

तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागद मी फाडणार आहे. वारा नव्हता, अण्णा. दांडी मी ओढली. हात तेवढाच सापडावा, असं काही मी ठरवलं नव्हतं. तुमचं डोकंही आत होतं. पाना मागायला तुम्ही नेमके तेव्हा डोकं बाहेर काढून माझ्याकडे वळलात.