खालून कापलेल्या दोन ओळी

सोमवार, २ फेब्रुवारी
अक्काची गाठ कर्करोगाचीच. बायोप्सीचा अहवाल दुपारी आला. सर्जननी आधी दाजींना कळवलं. मी सर्जनना पुन्हा फोन करून विचारलं, तर त्यांनी तेच सांगितलं. डाव्या बाजूला आहे, काखेतही पोचलाय.
गेल्या मार्चमध्ये कसबा बावड्यात मॅमोग्राफीची गाडी आली होती. अक्काही रांगेत होती, अहवाल निर्दोष आला होता. त्या शिबिराची बातमी आमच्या पेपरात मीच लावली.
आजचं पान वेळेवर छपाईला सोडलं. हात चालतात.

मंगळवार, ३ फेब्रु.
सकाळी बावड्याला. अक्का म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून म्हणाली, "आलास व्हय, बापू? तोंड असलं का करून आलायस? मी मेलो न्हाय अजून."
आत कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेलं कात्रण. मथळा माझा : 'एकाही महिलेस धोका नाही'. खाली रांगेचा फोटो, डावीकडे अगदी कडेला अक्का, नवं जरीचं लुगडं.
दाजी म्हणाले, "मशीनवालीनं नीट बघितलंच न्हाय. तिला सोडत न्हाय मी."
मी चहा पीत होतो.

गुरुवार, ५ फेब्रु.
शिबिराचं प्रसिद्धिपत्रक ई-मेलमध्ये शोधलं, सापडलं. शेवटची दोन वाक्यं रेडिऑलॉजिस्ट बाईंची :
'ज्यांच्या स्तनाची घडण दाट असते त्यांची गाठ मॅमोग्राफीत झाकली जाऊ शकते. अहवाल निर्दोष असला तरी हाताला गाठ लागल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.'
छापलेल्या बातमीत ही दोन्ही नाहीत. जागा नव्हती. बातमी जास्त झाली की खालून कापायची, तीस वर्षांची सवय. नव्या पोरांना मीच शिकवतो, महत्त्वाचं वर घ्या, म्हणजे खालचं गेलं तरी बिघडत नाही.
मथळाही पत्रकातला नव्हता. त्यात होतं, 'संशयास्पद काही आढळले नाही'. 'धोका नाही' हे माझं.

शनिवार, ७ फेब्रु.
हे लिहायचं टाळत होतो.
दिवाळीच्या आधी अक्काचा फोन आला होता. ऐन पान सोडायची वेळ.
"बापू, त्या गाडीतल्या मशीनचं खरं असतंय न्हवं?"
"असतं की. का गं?"
"न्हाय, आंघूळ करताना कायतरी लागतंय हाताला. हरभऱ्याएवढं."
"तुझा रिपोर्ट चांगला आलाय ना? मग झालं."
"तेच म्हणलो मी ह्यांस्नी. बापूनं छापलंय म्हणलो."
पुढे मी "ठेवतो गं" म्हणालो. मिनिटही झालं नसेल. त्यानंतर तिनं मला विचारलं नाही, दवाखान्यातही गेली नाही. जानेवारीत हात वर होईना तेव्हा गेली.
साठीच्या बाईनं भावाला एवढं सांगायचं म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.
मंगळवारी मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म डॉक्टर पुन्हा बघणार आहेत. दाजींनी अर्ज केला. गाठ त्यात दिसायला हवी, डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली निघायला हवी, असं दिवसभर मनात येतंय. म्हणजे मग माझं

मंगळवार, १० फेब्रु.
दोन डॉक्टरांनी फिल्म वेगवेगळं बसून बघितल्या. गेल्या मार्चच्या फिल्ममध्ये गाठ दिसत नाही. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी दाजींना जुनी आणि आताची फिल्म शेजारी लावून दाखवल्या. मार्चच्या फिल्ममध्ये सगळा भाग पांढरा, आणि गाठही पांढरीच उमटते, म्हणून वेगळी कळत नाही. आताच्या फिल्ममध्येसुद्धा बाईंना बोट ठेवून दाखवावी लागली. सोनोग्राफीत मात्र स्पष्ट.
दाजींनी अर्जाची प्रत घडी करून खिशात ठेवली. बाहेर पडताना बाईंनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही.
"तुम्ही पेपरात आहात ना? मी पत्रकात शेवटी लिहिलं होतं. ते आलं नाही."
"जागेचा प्रश्न असतो," मी म्हणालो. दाजी चार पावलांवर चप्पल घालत होते. त्यांनी ऐकलं नसावं.

गुरुवार, १२ फेब्रु.
शिबिराच्या बातमीचं पान काढून बघितलं. जागा होती.
फोटो दोन कॉलम ठरला होता. अक्का कडेला कापली जात होती, म्हणून मी तो तीन कॉलम केला. तिला आवडेल म्हणून. त्यात खालच्या ओळी गेल्या.
दुपारी बावड्याला जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, मथळा, फोटो, फोन. दाजी डेअरीला गेले होते.
अक्का लसूण सोलत होती, सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझं थोबाड दिसावं म्हणून?"
"हो."
"थोबाडात काय हाय रं माझ्या?"
बोटांवर मोजून : "चार म्हैनं गेलं की रं, बापू."
तिनं ताटातल्या साली गोळा केल्या.
"ह्यांस्नी सांगू नकोस. पेपर बंद करत्यात, आन तुझं येणं बी."
निघताना ती दारापर्यंत आली नाही. एरवी फाटकापर्यंत येते.

रविवार, १५ फेब्रु.
तीन दिवस अक्कानं फोन उचललेला नाही. दाजी बोलतात. आज महाशिवरात्र, डॉक्टरांनी नको म्हटलं तरी उपवास धरलाय म्हणे. मी दाजींना विचारलं, कपाटाच्या काचेचं कात्रण? "हाय की तिथंच. का?"
महिला दिनाच्या शिबिराचं यंदाचं पत्रक आलंय. बाईंची ती वाक्यं याही वेळी शेवटीच. दुसऱ्या परिच्छेदात घेतली. गेल्या वर्षीच्या बातमीत काय राहून गेलं, याची चौकट संपादकांना दिली. त्यांनी वाचली. "कोण आठवतंय आता?" म्हणाले, पण ठेवून घेतलीय. मंगळवारच्या अंकात घेतील न घेतील.
उद्या सोमवार, अक्काची पहिली केमो, नऊचा नंबर. दाजींना गाडी चालवता येत नाही, मी नेणार असं आधीपासून ठरलेलं. अक्कानं ये म्हटलेलं नाही, येऊ नको असंही नाही. पेट्रोल भरलंय. साडेसातला फाटकापाशी उभा राहीन, हॉर्न वाजवणार नाही. ती बाहेर आली तर