खिडकीच्या रंगाची पट्टी

३ जुलै, दुपारी २.१०
निर्णय पक्का. स्क्रीनच्या तळाची काळी पट्टी आता सहन होत नाई. वर दाखल्यांची पांढरी साइट, खाली ही मेलेल्या सापासारखी आडवी. किळस येते. अख्ख्या पोंभुर्ण्यात ती फक्त मलाच येते, हे त्याहून किळसवाणं.
सुरेंद्रभाऊंच्या ऑनलाइन सेंटरात कॉम्प्युटर एकच. सकाळी त्यावर आचल बसते, दोनपासून मी. म्हणजे दोघांची नजर रोज त्याच पट्टीवर. आता स्क्रीनवर जी खिडकी उघडेल तिचा रंग पट्टी आपोआप घेईल. माझ्या मनातलं आचल समजून जाईल. बोलायची गरज नाई. (अजून बोललो नाई. घाई नाई.)

५ जुलै
स्क्रिप्ट सुरू. असलं काही ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तीन वर्षांत शिकवत नाईत. मी दीड वर्षातच ओळखलं आणि सोडलं. सरांवर डस्टर फेकला ही अफवा आहे. भिंतीवर फेकला होता. सर मधात आले.
आजपासून रागावर ताबा.

६ जुलै
ताबा उद्यापासून. गिरजाबाई नातीच्या दाखल्यासाठी आल्या आणि तंबाखूचा खर्रा चोळलेला अंगठा थेट स्क्रीनवर ठेवला. शी! तेवढ्यात पट्टी हिरवी झाली, मग निळी. म्हणाल्या, "टीव्ही बिघडला काय रे तुया?" मी ओरडलो. म्हणाल्या, "वरडतं काऊन? सांगू काय तुया मायले?"
सुरेंद्रभाऊ म्हणाले, "धनराज, कॉलेजात रंगकाम शिकला काय बे?" माझं काम कळायची लायकी नाई.

८ जुलै
जमलं! खिडकी पांढरी, पट्टी पांढरी. सांधा कुठी आहे ते शोधून दाखवा. पट्टीवरची अक्षरंही पांढरीच, त्यामुळे घड्याळ दिसत नाई. एवढं चालतं.

९ जुलै
आचल रोज दीडला उठून जाते. आज मी दोनला आलो तर खुर्चीवरच! वाट पाहत होती. मला पाहून दचकली, "अव माय, दोन वाजले!" म्हणाली आणि स्कार्फ न बांधताच पळाली. सुरेंद्रभाऊ म्हणतात घड्याळ दिसलं नाई म्हणून थांबली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला काय कळणार?

११ जुलै
आचलनं पेपरची लांब फीत सेलोटेपनं स्क्रीनच्या तळाशी चिकटवली. पट्टी पूर्ण झाकली.
लाजली.
फीत काढली तर चिकट डाग राहिला. त्यावर माशी बसली. शिसारी आली, पण तिच्या हातचा डाग म्हणून पुसला नाई.

१२ जुलै
रंग आता सावकाश बदलावा अशी सुधारणा केली. किरकोळ अडचण: दोन खिडक्या उघडल्या की पट्टीचं काही ठरत नाई. लाल, पांढरी, लाल, पांढरी. अँब्युलन्ससारखी. पण तळमळ पोचते.

१३ जुलै
पोचली. आचल सुरेंद्रभाऊंना म्हणाली, कॉम्प्युटरला व्हायरस लागला, डोळे दुखून राह्यले, ओकारी येते, दुरुस्त होत नसेल तर मी उद्यापासून येत नाई. भाऊंनी मलाच सांगितलं, "सकाळी ये आन काढ ते. तुह्याशिवाय कोणाले जमते?"
आपलं नाव सांगितलं तर ती जाते. नाई सांगितलं तर राहते, पण तिला कधीच कळत नाई. सांगणार. मर्दासारखं.

१४ जुलै, दुपारी १२
तिच्या शेजारी स्टुलावर बसलो. वीतभर अंतर. तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "ज्यानं हे केलं ना, त्याले हिरव्या फोकानं झोडपलं पायजे." मी म्हणालो, "बिनडोक असन कोणी." इतक्या तिडकीनं म्हणालो की मलाच पटलं.
नऊ दिवसांचं काम चार सेकंदांत डिलीट. पट्टी काळी. ती हसली. "आता कसं छान वाटते," म्हणाली. काळी. छान.
मग म्हणाली, "मले वेगळं लॉगिन करून द्या. दुसऱ्या कोणी हात लावाले नाई पायजे." दिलं करून. पासवर्ड टाकायची वेळ आली तशी म्हणाली, "तिकडं पाहा जरा."
भिंतीकडे पाहिलं. कान इकडेच. धनराज, इंग्रजीत सात अक्षरं. बटनांचे आवाज मोजले. पाच. सहा. सात. मी वळायला लागलो.
आठ.
अकरापर्यंत गेली.
नवा पासवर्ड दोनदा टाकावा लागतो. दुसऱ्यांदाही अकराच.